पाथरीचे कुलकर्णी आणि निजामशाहीचे मूळ : एका वंशकथेची चिकित्सा

वंशावळ हे इतिहासाचे फार जुने साधन आहे आणि तितकेच संशयास्पदही आहे. जुने अशासाठी की, लिपी हाती येण्यापूर्वीपासून मनुष्य आपल्या पूर्वजांची नावे पाठ म्हणत आला आहे. संशयास्पद अशासाठी की, पूर्वज सांगण्यामागे बहुधा काहीतरी मिळविण्याचा किंवा राखण्याचा हेतू असतो. परभणी जिल्ह्यातील पाथरी या एकाच गावाशी दोन भिन्न काळांतील दोन प्रसिद्ध मूळकथा जोडल्या गेल्या आहेत. पहिली अहमदनगरच्या निजामशाही घराण्याची, दुसरी शिर्डीच्या साईबाबांची. या दोन्ही कथांवर श्रद्धेने किंवा अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या पुराव्याची प्रत कोणती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या कथेचा व अनुषंगाने दुसरीचा विचार करावयाचा आहे.

या चिकित्सेसाठी इंग्लंडमधील कुलसंशोधनाचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. तेथे १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. मृत्युपत्रे १८५८ पर्यंत धर्मपीठांच्या न्यायालयांत सिद्ध होत असत व तेथे जपली जात. या दोन साधनांच्या आधारे तेथील मध्यम प्रतीच्या जमीनदार कुळांची वंशावळ चार शतके मागे नेता येते. परंतु ही साधने हाती असूनही तेथे खोट्या वंशावळींचे पीक उदंड आले. नव्याने श्रीमंत झालेल्या घराण्यांना नॉर्मन सरदारांचे वंशज ठरविणाऱ्या पोथ्या तयार झाल्या. जे. होरेस राउंड (१८५४–१९२८) या पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा अनेक पोथ्यांची साले उलगडून दाखविली. त्याच्या पद्धतीचे सार एका वाक्यात सांगता येते : ज्याने वंशावळ सिद्ध करण्यासाठी कागद केला, त्याच्यापेक्षा ज्याने दुसऱ्याच कामासाठी कागद केला आणि ज्याच्या लेखणीतून नाते सहज उतरले, तो साक्षीदार अधिक विश्वासार्ह होय.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. पॅरिशची वही नाव व तिथी देते. ओळख देत नाही. एकाच गावात एकाच नावाची दोन मुले दहा वर्षांच्या आत जन्मली, तर पुढे जमीन घेणारा त्यांतील कोणता, हे वही सांगत नाही. ते मृत्युपत्र सांगते. कारण त्यात पत्नी, मुले, जावई, भाऊ आणि विशिष्ट शेत यांची एकत्र गाठ पडते. म्हणजे अस्तित्वाचा पुरावा निराळा आणि अनुबंधाचा पुरावा निराळा. पाथरीच्या दोन्ही कथांत हाच भेद निर्णायक ठरतो.

महाराष्ट्रात, गोव्यातील व अन्यत्रच्या ख्रिस्ती समाजाच्या नोंदी सोडल्या, तर पॅरिशच्या वहीसारखे साधन नाही. परंतु आपले दप्तर दरिद्री नाही. वतन हेच येथील वंशस्मृतीचे मुख्य कारण होते. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण यांची वाटणी वंशावरून होत असल्याने प्रत्येक तंट्यात पिढ्या मांडाव्या लागत. त्यातून करीने, महजर, निवाडपत्रे, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे निर्माण झाली. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी असे कागद घरोघर हिंडून जमविले व त्यांचे ऐतिहासिक मोल मराठी वाचकाला पटवून दिले. मात्र या सर्व कागदांची प्रत सारखी नव्हे. करीना हे पक्षकाराचे निवेदन; त्यातील वंशावळ ही फिर्यादीची बाजू. महजर हा गोतासमक्ष झालेला निर्णय. त्यावर प्रतिपक्षाची नजर पडलेली असते. त्याहूनही निर्हेतुक साक्ष क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकास आलेला यात्रेकरू आपले, बापाचे, आज्याचे, भावांचे व गावाचे नाव लिहवितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे श्राद्ध असते, वतन नसते.

आता निजामशाहीच्या मूळकथेकडे वळू. ही अहमदनगरची निजामशाही. हैदराबादच्या निजामाशी तिचा संबंध नाही. कथेचा मुख्य आधार मुहम्मद कासिम फिरिश्ता हा आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा विजयनगरच्या मुलखात पकडलेला ब्राह्मण मुलगा. त्याचे मूळ नाव तिमाप्पा आणि बापाचे नाव भैरव अथवा बहिरू. अहमदशहा बहमनीच्या कारकिर्दीत (१४२२–१४३६) तो कैद झाला, मुसलमान झाला, राजपुत्राबरोबर शिकला व पुढे निजाम-उल-मुल्क या पदवीस चढला. १४८६ च्या सुमारास त्याचा बीदर येथे वध झाला. त्याचा पुत्र अहमद याने १४९० साली स्वतंत्र राज्य स्थापिले. याच फिरिश्त्याने पुढे सांगितले आहे की, या ब्राह्मणाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, ते काही कारणाने विजयनगरास गेले, आणि राज्य मिळाल्यावर त्यांचे भाऊबंद अहमदनगरास आले. म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीची मागणी केली. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, नकार मिळताच १५१८ साली पाथरी जिंकली. ती हातची गेल्यावर १५२७ मध्ये पुन्हा घेतली व ब्राह्मण नातेवाइकांस इनाम दिली.

ही कथा पुढील बहुतेक लेखकांनी जशीच्या तशी उचलली. १८२९ साली ब्रिग्जचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ती गॅझेटियरांतून, पाठ्यपुस्तकांतून व स्थानिक इतिहासांतून फिरत आहे. परंतु दहा ग्रंथांत आढळणारी गोष्ट म्हणजे दहा पुरावे नव्हेत. ते सर्व ओघ एकाच झऱ्याचे आहेत. तेव्हा प्रश्न एकच उरतो : हा झरा कितपत निर्मळ आहे?

फिरिश्त्याचे तारुण्य अहमदनगरच्या दरबारात गेले. १५८९ साली तो विजापुरास गेला व तेथे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. आश्रयदात्याच्या घराण्याविषयी तो काय सांगतो, हे येथे फार बोलके आहे. विजापूरचा संस्थापक युसुफ हा त्याच्या मते उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र! म्हणजे आपल्या धन्याच्या वंशाला तुर्की राजरक्त आणि शेजारच्या प्रतिस्पर्धी वंशाला गुलामीत आलेला ब्राह्मण मुलगा. तिकडे अहमदनगरच्या दरबारी बसून दुसऱ्या बुऱ्हाणाच्या कारकिर्दीत (१५९१–१५९५) ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा नेमके उलट करतो. त्याला मलिक हसनचे पितृत्व मान्य नाही. अहमदच्या अंगी बहमनी सुलतानाचे रक्त होते, असे तो प्रतिपादितो. दोन्ही इतिहासकारांची लेखणी ज्याच्या त्याच्या मिठाला जागली आहे.

शिवाय फिरिश्त्याच्या कथेतील एक घटक पुन्हा आढळतो. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही त्याच्या मते विजयनगरच्या मुलखातून बालपणी कैद झालेला हिंदू मुलगाच. युद्धात मुले पकडून गुलाम करणे ही त्या काळची वस्तुस्थिती होती, हे खरे. त्यामुळे दोन्ही कथा खऱ्या असू शकतात. पण साच्यातील कथेचे तपशील साच्यातून आले की स्मृतीतून, हे वेगळे शोधावे लागते. ‘बहिरी’ या उपपदाची व्युत्पत्ती हे याचे उदाहरण होय. बापाच्या बहिरू या नावावरून ते पडले, असे एकीकडे सांगितले जाते. दुसरीकडे त्याचा संबंध शिकारी पक्ष्याशी जोडला जातो. बहिरी ससाणा मराठी वाचकाला परका नाही. जेथे उपपदाचे दोन उलगडे शक्य आहेत, तेथे उपपदावरून बापाचे नाव सिद्ध करणे म्हणजे साध्यालाच साधन मानणे होय.

तथापि संपूर्ण कथा टाकून देणेही चिकित्सेला धरून होणार नाही. तिचे तीन थर वेगळे केले पाहिजेत. पहिला थर मलिक हसनच्या हिंदू मूळाचा व गुलामीचा. तबातबाला राजरक्ताचा दावा करावासा वाटला, याचाच अर्थ असा की, त्याला झाकण्याजोगी काही वार्ता दरबारात प्रचलित होती. प्रतिकूल साक्षीदाराचे हे अप्रत्यक्ष समर्थन पहिल्या थरास बळ देते. दुसरा थर पाथरीच्या इनामाचा. १५२७ आणि फिरिश्त्याचे अहमदनगरातील वास्तव्य यांत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. इनाम खाणाऱ्यांची दुसरी-तिसरी पिढी त्या वेळी हयात असणार. गोदाकाठच्या सरहद्दीवरील पाथरी घेण्यास राजकीय कारणे पुरेशी होती. परंतु घेतल्यावर ती ब्राह्मणांस इनाम देण्यास ती कारणे पुरी पडत नाहीत. म्हणून इनामाची गोष्ट संभाव्य मानावी लागते. तिसरा थर कुलकर्णाचा, स्थलांतराचा व बापाच्या नावाचा. येथे लेखक आणि घटना यांत दीडशे वर्षांहून अधिक अंतर पडते. पाथरी आणि विजयनगर ही दोन मूळस्थाने एका स्थलांतराच्या दोऱ्याने शिवलेली दिसतात. हा थर असिद्ध होय.

खरा पेच दुसऱ्या व तिसऱ्या थरांच्या सांध्यावर आहे. नाते होते म्हणून इनाम मिळाले, की मिळालेले इनाम टिकावे म्हणून नाते सांगितले गेले? दोन्ही शक्यता वतनी समाजाच्या रीतीला धरूनच आहेत. याचा निर्णय फिरिश्त्याची पाने पुन्हा पुन्हा वाचून होणार नाही. तो व्हायचा तर इनामाचे कारण नोंदविणाऱ्या समकालीन सनदेने किंवा पाथरी परगण्याच्या कुलकर्णासंबंधीच्या एखाद्या महजराने होईल. फारसी व मोडी या दोन्ही लिपी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे काम मोकळे आहे.

दुसऱ्या कथेत पुराव्याची ठेवण निराळी आहे, पण दोष त्याच जागी आहे. साईबाबांनी आपण पाथरीचे असल्याचे व बालपणी फकिराच्या स्वाधीन झाल्याचे म्हाळसापतींजवळ सांगितले, अशी आठवण नोंदली गेली आहे. दासगणूंनी बाबांच्या गुरूचा धागा याच जिल्ह्यातील सेलूच्या गोपाळराव देशमुखांपर्यंत नेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वि. बा. खेर यांनी पाथरीस जाऊन चौकशी केली व तेथील भुसारी कुळाच्या वंशावळीत बाबांचे स्थान सुचविले, एम. व्ही. कामत यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात (१९९१) हे प्रतिपादन आले. खेरांनी दंतकथेवर न विसंबता घराण्याची वंशावळ मिळविली, हे त्यांचे श्रेय. परंतु वंशावळ एका मुलाचे अस्तित्व सांगते, आठवण एका गावाचे नाव सांगते. तो मुलगा आणि शिर्डीचा फकीर एकच, हे सांगणारा तिसरा कागद मध्ये नाही. पॅरिशची वही आहे, मृत्युपत्र नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा झाली, ‘जन्मस्थान’ या शब्दावरून वाद पेटला व शिर्डीत बंद पाळला गेला. सोळाव्या शतकात मूळकथेच्या मागे इनाम होते. एकविसाव्या शतकात निधी आला. भक्तीला जन्मस्थानाचा पुरावा लागत नाही. इतिहासाला मात्र तो लागतो.

हा विचार केवळ राजे व संत यांच्यापुरता नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम आले. तेव्हापासून खासरापत्रक, जन्ममृत्यूच्या गावनोंदी आणि घरची वंशावळ यांची सांगड घालण्याचे काम सामान्य शेतकऱ्याच्या दाराशी येऊन ठेपले. पणजोबाचे नाव जुन्या उर्दू कागदात सापडणे आणि तो पणजोबा आपलाच असणे, यांतील अंतर आता मुलाच्या शिक्षणाशी व नोकरीशी निगडित आहे. अशा वेळी नोंद अस्तित्वाची की अनुबंधाची, ती कोणी व कोणत्या हेतूने केली, हे ओळखण्याची सवय ही पंडितांची चैन राहत नाही. पाथरीच्या कुलकर्ण्यांची कथा या सवयीचा चांगला पहिला पाठ होय. कारण ती धड खोटी ठरत नाही व धड खरीही ठरत नाही, आणि तिचा कोणता अंश किती भार सोसतो, हे वाचकाला स्वतःच तोलून पाहावे लागते.