लॉरडानचा आकडा आणि दुधाची डिग्री

कागलसारख्या गावात वाढलेल्या माणसाला लॅक्टोमीटर समजावून सांगावा लागत नाही. नळीत दूध, त्यात तरंगणारी काच, आणि डिग्री किती आली याकडे सगळ्यांचे डोळे. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. साय काढून घेतली की मात्र चढते, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. म्हणजे आधी साय काढायची, मग बेताचं पाणी ओतायचं, आणि डिग्री जागच्या जागी! दूध संस्था डिग्रीबरोबर फॅटही बघतात ते काय उगाच नाही.

पेशीपटलावर काम करणारे आम्ही लोक मात्र अजूनही पुष्कळदा नुसत्या डिग्रीवर भाव ठरवतो. आजची तक्रार तेवढीच आहे, आणि ती आधी माझ्याच प्रबंधाच्या मसुद्याबद्दल आहे.

पेशीभोवतीचं लिपिडचं पटल जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाड असतं. बाहेर पाणी, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास. पटलाच्या मध्यात सगळा तेलकट कारभार, तिथे तो २च्या जवळ. एवढा उतार दोन-अडीच नॅनोमीटरांत! मग ‘पटलाची ध्रुवीयता किती?’ हा प्रश्न ‘घाटाची उंची किती?’ असं विचारण्यासारखा आहे. कुठल्या वळणावरची, ते आधी सांगा.

ती मोजायला फ्लुओरेसंट प्रोब वापरतात. हे असे रंगरेणू, की ज्यांच्यावर प्रकाश टाकला तर ते परत प्रकाश देतात आणि त्याचा रंग आजूबाजूला काय आहे त्यावर बदलतो. ग्रेगोरिओ वेबर यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७९ साली फॅरिस यांच्यासोबत प्रोडान नावाचा असा रेणू मांडला. लॉरडान हा त्याचाच भाऊ, पण बारा कार्बनांची लांब शेपटी असलेला, म्हणून पटलात घट्ट बसणारा. लिपिड गोठल्यासारखं घट्ट असेल तर तो ४४० नॅनोमीटरजवळ निळा दिसतो, पातळ झालं की ४९०कडे सरकतो. १९९०मध्ये तिझियाना पारासासी आणि सहकाऱ्यांनी यातून एक सोपा आकडा काढला: दोन्ही ठिकाणच्या प्रकाशाची वजाबाकी, भागिले बेरीज. यालाच जीपी म्हणतात. सोपा, स्वस्त, आणि लिपिडची अवस्था कधी बदलते ते अचूक दाखवणारा. त्या कामासाठी मी आजही त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवेन.

गडबड पुढच्या वाक्यात होते. ‘जीपी वाढला, म्हणजे ध्रुवीयता घटली.’ हे वाक्य तुम्हाला ढिगाने सापडेल.

लॉरडानवर प्रकाश पडला की त्याच्यातला विद्युत्‌भार एका टोकाकडे सरकतो. शेजारचे पाण्याचे रेणू मग वळून त्याच्याकडे तोंड करतात, त्यात रेणूची ऊर्जा उतरते आणि रंग लांब तरंगलांबीकडे जातो. हे सगळं काही नॅनोसेकंदांत उरकायला हवं, कारण तेवढ्यात रेणू प्रकाश देऊन मोकळा होतो. आता पाणी भरपूर आहे पण जखडलेलं आहे, वळायला वेळच मिळाला नाही, तर? रंग निळाच राहणार. असा रंगरेणू अल्कोहोलमध्ये विरघळवून अतिथंड करा. अल्कोहोल तेच, ध्रुवीय रेणू तेवढेच, तरी प्रकाश निळ्याकडे सरकतो. पाणी कमी झालं किंवा पाणी मंदावलं, दोन्हींचा निकाल एकच. साय की पाणी, तोच घोळ.

दुसरा प्रश्न प्रोब बसलाय कुठे, हा. १९८७मध्ये अमिताभ चट्टोपाध्याय आणि अर्विन लंडन यांनी प्रोबची पटलातली खोली मोजायची पॅरॅलॅक्स पद्धत मांडली. चट्टोपाध्याय यांची पुढची कारकीर्द हैदराबादच्या सीसीएमबीत गेली. एनबीडी नावाचा प्रोब लिपिडच्या शेपटीला जोडला की तो आत तेलात असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो वर वळून पाण्याच्या काठाशी येऊन बसतो. म्हणजे आपण समजतोय विहिरीच्या तळाचं पाणी, आणि पोहरा वरच्या वरच!

खरी परीक्षा कोलेस्टेरॉलची. पटलात कोलेस्टेरॉल घातलं की लॉरडानचा जीपी वाढतो. निष्कर्ष तयार: ध्रुवीयता घटली. पण १९९४ साली सुबचिन्स्की, कुसुमी आणि सहकाऱ्यांनी खोलीखोलीवर स्पिन लेबल लावून मोजलं, तेव्हा भरपूर कोलेस्टेरॉलने पटलाचा मध्य जास्त कोरडा झाला होता, पण पृष्ठभागाकडचा पट्टा उलट जास्त ध्रुवीय झाला होता. लॉरडानचं रंगीत डोकं बसतं ते मध्यात नव्हे, काठाकडेच. ती मोजमापं गोठवलेल्या नमुन्यांवरची होती, हे मान्य, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. तरी गतीचा हिशेब धरल्याशिवाय हे कोडं सुटेल असं मला वाटत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. प्रागमध्ये मार्टिन हॉफ यांचा गट प्रकाश नॅनोसेकंदागणिक मोजतो. रंग एकूण किती सरकला यावरून ध्रुवीयता, आणि किती वेळात सरकला यावरून गती, असे दोन आकडे वेगळे मिळतात. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९९९ साली नाईल रेड या प्रोबवर असं वेळ मोजणारं काम प्रसिद्ध झालं.

पण असं यंत्र दर विभागात कुठून आणणार? ‘आमच्याकडे साधा फ्लुओरोमीटरच आहे’ हे कारण मीही दिलंय. मग निदान एवढं करा: प्रोबला उद्दीपित करणारी तरंगलांबी शोषणाच्या शिखरावरून तांबड्या कडेकडे हळूहळू न्या. रेणू मोकळे असतील तर बाहेर येणारा रंग जागचा हलत नाही. जखडलेले असतील तर तोही तांबड्याकडे सरकतो. चट्टोपाध्याय यांच्या गटाने हीच युक्ती पटलांवर वर्षानुवर्षं वापरली. खर्च काही नाही, फक्त एक दुपार जादा.

माझी ती दुपार गेल्या आठवड्यात गेली. रंग सरकला. मसुद्यातलं ‘ध्रुवीयता घटली’ खोडून तिथे ‘लॉरडानच्या जागेजवळचं पाणी मंदावलं असावं, ते कमीही झालं का, हे या प्रयोगातून ठरत नाही’ असं लिहिलंय. वाक्य लांबलं. गाईडना अजून दाखवलेलं नाही.