रक्ताची तीन अक्षरं

आज आम्ही समीक्षा करणार आहोत, पण कवितेची नाही आणि कादंबरीचीही नाही. समीक्षा करायची आहे एका कागदाची. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावपासून नवापूरपर्यंत, कितीतरी घरांत तो पिशवीत घडी करून जपलेला असतो. सिकलसेलच्या तपासणीचा रिपोर्ट. भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांत हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणून हा कागद इथे घरोघरी वाचला जायला हवा. तो वाचला जातो का, हा आमचा प्रश्न आहे.

त्यावरचे शब्द बघा. हीमोग्लोबिनोपॅथी. इंग्रजीत सतरा अक्षरं. इलेक्ट्रोफोरेसिस, पंधरा. बघूनच माणूस कागद मिटतो. पण शब्द फोडला की भीती जाते. हीमोग्लोबिन, ॲनिमिया, थॅलेसेमिया या तिन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए, ई, एम ही अक्षरं लागोपाठ येतात. ती ग्रीक ‘हाइमा’ची खूण आहे. हाइमा म्हणजे रक्त. थॅलेसेमियात पुढे ‘थालासा’, म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत आधी दिसला म्हणून ते नाव. पॅथी म्हणजे इथे दुखणं. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या जोरावर वाहून नेणं. विजेच्या प्रवाहात साधं हीमोग्लोबिन एका चालीने सरकतं, सिकलचं वेगळ्या चालीने. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हाच फरक दाखवून दिला. म्हणजे लांब शब्द घाबरवतो खरा, पण धीराने फोडला तर तो आपलं काम सांगतो.

आमची तक्रार लांब शब्दांबद्दल नाहीच. घात करतात ते छोटे, ओळखीचे शब्द.

पहिला शब्द ॲनिमिया. ‘अन्’ म्हणजे नाही, पुढे रक्त. आपण बोलताना म्हणतो, अंगात रक्त कमी आहे. आणि रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट. लोह कमी पडल्यामुळे झालेल्या ॲनिमियात हे बरोबर आहे. पण सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वाकतात आणि लवकर फुटतात. जी पेशी एरवी सुमारे १२० दिवस टिकते, ती इथे १० ते २० दिवसांत संपते. मूळ दुखणं लोहाचं नाही. अक्षरं तीच, आजार वेगळा, उपचारही वेगळा. म्हणून लोहाची गोळी आपल्या मनाने चालू करू नका आणि बंदही करू नका. सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि डॉक्टरांना विचारा. मराठी ‘रक्तक्षय’ लिहिलं तर सुटेल असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे क्षय म्हटलं की टीबी आठवतो. एक गैरसमज काढून दुसरा बसवायचा, याला भाषांतर म्हणत नाहीत.

दुसरा शब्द पॉझिटिव्ह. शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकलचं हीमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस आजारी आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशाच दुसऱ्या पक्क्या तपासणीतून कळतं. म्हणजे ज्या लांब शब्दाला आपण घाबरलो, उत्तर त्याच्याकडे आहे.

तिसरा शब्द वाहक. एसटीत हा शब्द कंडक्टरसाठी असतो. रिपोर्टवर तो आला की घरचे म्हणतात, पोरीला आजार झाला. तसं नाही. वाहकाला आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचा गुण आलेला असतो. सहसा त्याला काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर आजार. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. चार मुलांतलं एकच आजारी होणार, असा हा हिशेब नाही. दर वेळी तो नव्याने मांडायचा. हे नीट सांगितलं नाही म्हणून लग्नं मोडतात, आणि दोष बहुतेक वेळा मुलीच्या पदरात पडतो. शब्द चुकला की त्याची किंमत कोण मोजतं, ते बघा.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणा, की चूक म्हणा, ती ‘सिकल’ या शब्दाची. सिकल म्हणजे विळा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांना सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि १९१० साली त्यांनी तसंच लिहिलं. त्यांना शेतातलं अवजार आठवलं. आपल्याकडे ते अवजार ज्वारी कापणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात आहे, आणि आपण तिला सांगतो ‘सिकल’! साधी पेशी गोल, ती सुरळीत वाहते. विळ्यासारखी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून हातपाय ठणकतात. हे समजायला तिला सतरा अक्षरांची गरज नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, आणि तिची मुदत २०४७ पर्यंत आहे. तोवर इथे रिपोर्टांचा ढीग होईल. आमचं मागणं छोटं आहे. लांब शब्द राहू द्या, डॉक्टरला ते लागतात. पण त्यांच्याखाली दोन साध्या ओळी लिहा: तुम्ही आजारी आहात की फक्त गुण बाळगून आहात, आणि आता काय करायचं. त्या ओळी पावरीत, भिलीत, मावचीत वाचून दाखवा. ऐकणारीने परत आपल्या शब्दांत सांगितलं, तरच रिपोर्ट दिला असं समजा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्या घरी असा कागद आहे, त्यांनी आधी विचारावं.