दहापट सिलिकॉन, दीडपट बॅटरी

सिलिकॉन वापरले की लिथियम-आयन बॅटरी दहापट चालेल, असे वृत्तपत्रांत छापून येते आणि तेथून ते विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर जाते. त्यामागचा आकडा खरा आहे. १ ग्रॅम ग्राफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास प्रभार साठवते, तर सिलिकॉन सुमारे ३५८०. निष्कर्षाला मात्र आमचा आक्षेप आहे.

१ अँपिअर-तासासाठी ऋण टोकाला ग्राफाइट २.७ ग्रॅम लागते, सिलिकॉन ०.२८ ग्रॅम. पण धन टोकाचा पदार्थ ग्रॅममागे सुमारे २०० मिलिअँपिअर-तासच देतो. म्हणजे त्याचे ५ ग्रॅम दोन्ही वेळा हवेतच. बेरीज ७.७ आणि ५.२८. दहापटीचे झाले दीडपट! तांब्याचा पत्रा, द्रव आणि वेष्टण यांचे वजन धरले तर त्याहूनही कमी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियम शिरतो, ६ कार्बन अणूंमागे १, आणि ते जेमतेम १० टक्के फुगते. सिलिकॉनचा लिथियमशी मिश्रधातूच बनतो, ४ अणूंमागे १५. जास्त साठा येथूनच येतो, आणि आकारमान जवळजवळ चौपट होते तेही यामुळेच. हिंगोलीच्या शिक्षकांनी प्लास्टिकची डबी सोयाबीनने गच्च भरून, पाणी घालून, झाकण न लावता रात्रभर ठेवावी. (काचेची नको.) फरक इतकाच की सोयाबीन एकदा फुगते, सिलिकॉनला प्रत्येक चक्रात फुगायचे आणि आक्रसायचे असते.

त्याच तक्त्यावर सिलिकॉन 'उत्तम पदार्थ' असल्याचेही लिहिलेले असते. औंढा नागनाथजवळच्या नियोजित लायगो-इंडियातील सुमारे ४० किलोचे आरसे सिलिकॉनच्या ऑक्साइडचे, सिलिका काचेचे. त्या काचेत कंपनाची ऊर्जा फार थोडी वाया जाते, म्हणून ती निवडली. बॅटरीला त्या गुणाचा काय उपयोग?

फुगण्या-आक्रसण्याने कण तडकतात. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर द्रवाच्या विघटनाने नवा थर बसतो व त्यात लिथियम कायमचा अडकतो. सुमारे १५० नॅनोमीटरहून लहान कण पहिल्या प्रभारणात तडकत नाहीत, हे २०१२ मध्ये दिसून आले. पण कण बारीक तितका एकूण पृष्ठभाग मोठा, आणि थरही जास्त. म्हणून उत्पादक बहुधा ग्राफाइटमध्येच थोडे सिलिकॉन मिसळतात. दर चक्रात अर्धा टक्का लिथियम गेला, तर १०० चक्रांनंतर ६१ टक्केच उरतो. एक दशांश टक्का गेला तर किती उरेल, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.