बेगम बर्वेचं माहेर

सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९७९ साली रंगभूमीवर आणलं. त्यावर लिहिणारे बहुतेक जण बालगंधर्वांपासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू... एका पुरुषानं उभ्या केलेल्या या स्त्रियांचं नेसणं-चालणं घराघरांतल्या बायकांनी उचललं. बर्वे हा त्या वैभवाच्या मागच्या रांगेतला. किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, उतारवयात उदबत्त्या विकणारा, टांगेवाल्या श्यामरावच्या धाकात जगणारा. संगीत नाटकाचे दिवस सरले, पदं तेवढी त्याच्या अंगात मुरून राहिली.

मी दरवेळी थांबतो ते डोहाळजेवणापाशी. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. कचेरीतल्या नलावडेबाईंची स्वप्नं रंगवण्यात त्यांचे दिवस जातात. बर्वे त्या स्वप्नात शिरतो आणि नलावडेबाईच होतो. जावडेकरांशी लग्न लागतं, दिवस राहतात, डोहाळे पुरवले जातात. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, प्रेक्षक हसतोही. पण थोड्याच वेळात हसणं अवघड होतं, कारण रंगमंचावरचं कौतुक खरं असतं.

आमच्या अंजनगाव सुर्जीसारख्या गावात पहिलटकरणीचं कौतुक एकट्या घराचं नसतं. आई नसेल, माहेर लांब असेल, तर शेजारच्या बाया पुढे होतात आणि ओटी भरतात. बर्वेला माहेर नाहीच. नवरा झालेला कारकून आणि त्याचा मित्र हेच त्याचं सासर, हेच माहेर. खिशात काही नसलेली ही माणसं बाईमाणसाचं म्हणून ठरवलेलं काम अंगावर घेतात आणि एकमेकांचे लाड करतात. माझ्या मते आळेकरांची सगळ्यात धीट जागा हीच आहे. बर्वे पुरुष की स्त्री, हा खुलासा नाटक मागत नाही. त्याला कोण जपतं, एवढंच ते विचारतं.

हे जपणंही आळेकर सोवळं करून ठेवत नाहीत. श्यामराव बर्वेला आसरा देतो आणि तोच त्याला पिळतो. तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला परंपरेतही ही दुहेरी गाठ दिसते. घरानं टाकलेल्या लेकराला गुरू आईसारखं सांभाळते, आणि कमाईचा हिशेबही तिच्याचकडे असतो. आपल्याकडे बाळ जन्मलं की हेच लोक दारी येऊन त्याला आशीर्वाद देतात. दुसऱ्याच्या पाळण्याला दुवा देणाऱ्या माणसाला स्वतःचा पाळणा हवासा वाटत असेल, ही गोष्ट मराठी रंगमंचावर इतक्या थेट मांडली ती या नाटकानं.

नाट्यपदं इथे शोभेची नाहीत. पद चालू असतं तोवर स्वप्न टिकतं. चंद्रकांत काळ्यांसारख्या गात्या नटाला बर्वे लाभला तो यामुळे. पुढे अमाल अल्लानांनी हिंदीत भारदस्त आवाजाच्या मनोहर सिंगांना ही भूमिका दिली, तेव्हा शरीर आणि इच्छा यांतलं अंतर आणखी उघडं पडलं. शेवटी श्यामराव येतो आणि सगळं उधळलं जातं. तो शेवट क्रूर आहे, पण खोटा नाही.

सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली ती १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे नाटकानंतर ३५ वर्षांनी. २०२४ साली बंगळुरूच्या अरवानी आर्ट प्रोजेक्टमधल्या पारलिंगी स्त्रियांचं भित्तिचित्र व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात झळकलं. तिथे त्यांनी स्वतःला स्वतःच रंगवलं. बर्वेची गोष्ट मात्र अजून दुसऱ्यांनीच सांगितलेली आहे.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या हौशी नाट्यसंस्थांना माझी विनंती आहे : हे नाटक पुन्हा बसवा, आणि बर्वेच्या भूमिकेसाठी आपल्या भागातल्या एखाद्या तृतीयपंथी कलावंताला बोलवा.