जैसलमेरचे सोने आणि हळर्णचा चिरा

जैसलमेर पाहून आलेला मनुष्य त्या दुर्गाच्या सुवर्णवर्णाचेच वर्णन करीत सुटतो. इ. स. ११५६ मध्ये रावळ जैसलाने वसविलेला हा किल्ला मावळतीला खरोखरच झळकतो. परंतु आमच्या मते त्याचे थोरपण रंगात नव्हे. तटाच्या आत आजही कुटुंबे नांदतात, लक्ष्मीनाथाची आरती होते, जैन मंदिरांत पूजा चालते.

याच वस्तीने त्याला घोरही लावला आहे. गडीसर तलावावरून घागरी येत, तेव्हा पाणी मोजून सांडले जाई. पुढे नळ आले, पाहुण्यांसाठी वसतिगृहे नि न्हाणीघरे झाली. कोरड्या मरुभूमीसाठी रचलेल्या त्या पायात सांडपाणी मुरले आणि तटाचे भाग खचले. २०१३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले खरे. गौरवाने ओल सुकत नाही!

आपल्या पेडण्यातील हळर्णचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला आणि विजेत्या व्हाइसरॉयाने त्याचे नाव आपल्या पदवीत मिरविले. त्याच्या जांभ्या चिऱ्याला पावसाची सवय आहे. आत नांदते घर मात्र एकही नाही. त्याची डागडुजी पाहणाऱ्यांसाठी होते, राहणाऱ्यांसाठी नव्हे.

उलट डिचोलीतील नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहा. १६६८ साली शिवछत्रपतींनी ते पुन्हा उभारविले, ते पूजेने जागते राहिले. २०२३ साली त्याचा जीर्णोद्धारही पुरा झाला. आता तेथे पाहुणे वाढतील. नार्व्याला जाणाऱ्या रसिकाने घुमटाकडे अवश्य पाहावे, पण त्याआधी पागोळ्यांचे पाणी कोठे जाते तेही पाहून यावे.