जेरुसलेमा: नाचाखालची विनवणी

2020च्या टाळेबंदीत हे गाणं तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. अंगोलातल्या एका नृत्यगटानं हातात जेवणाच्या ताटल्या घेऊन त्यावर ठेका धरला. मग जगभरच्या नर्स, पोलीस, नन त्याच पावलांवर नाचल्या-नाचले. 'जेरुसलेमा' म्हणजे आनंदाचं गाणं, असं ठरूनच गेलं.

मला ते पटत नाही. मास्टर केजीचा हाउस ठेका जरा बाजूला सारा आणि नोमसेबो झिकोडेचा आवाज ऐका. (नावातला तो 'से' नुसता 'से' नाही. हळहळताना आपण जिभेनं 'च्च्' करतो, तो आवाज त्यात आहे. देवनागरीत तो उतरत नाही.) आपलं घर इथलं नाही, आपल्याला इथे टाकून जाऊ नये, अशी विनवणी ती देवाला झुलूत करते. हे थेट चर्चमधलं मागणं. ती ते खालच्या पट्टीत, भरल्या गळ्यानं गाते. तीच ती मोजकी वाक्यं फिरून येतात. ठेकाही कुठे उसळत नाही, चालत राहतो, लांबच्या वाटेवर माणूस चालतो तसा. गाण्याची ताकद इथे आहे, व्हिडिओतल्या पावलांत नाही. अर्थात ती पावलं नसती तर हे गाणं माझ्यापर्यंत पोचलं असतं का? बहुधा नाही.

2021मध्ये झिकोडेनं जाहीरपणे सांगितलं, की या गाण्याचे पैसे रेकॉर्ड कंपनीकडून तिला मिळालेले नाहीत. ते वाचून मी गाणं पुन्हा लावलं. तेव्हा ती विनवणी एकट्या देवालाच असेल असं वाटेना.