वेताळ : वेशीवरचा आणि पडद्यावरचा

सन २०२५ च्या दिवाळीत आम्ही भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका आप्तांच्या घरी फराळास बसलो होतो. घराणे मूळचे वेंगुर्ले भागातले. नोकरीच्या निमित्ताने दोन पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेले. देवघरात गणपती-अन्नपूर्णेच्या शेजारी आरवलीच्या श्री देव वेतोबाची तसबीर आहे, आणि घरातील आजी दिवा लावल्यावर जे गाऱ्हाणे घालते, त्यात वेतोबाचे नाव अजून आरंभीच येते. घरचा शाळकरी नातू आदल्या रात्री मोठ्या भावंडांबरोबर 'थामा' हा नवा हिंदी चित्रपट पाहून आला होता. तसबिरीकडे बोट दाखवून त्याने विचारले, "आजी, वेतोबा म्हणजे बेतालच ना? मग हासुद्धा रक्त पितो?" आजी क्षणभर थबकली आणि म्हणाली, "नाय रे बाबा. तो राखणदार. तो आपली राखण करता."

उत्तर खरे होते; पण मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही पुरते झाले नाही. ज्याच्या पायी आपण वहाणा वाहतो तो राखणदार, आणि पडद्यावर सुळे विचकून मानेला चावणारा तो रक्तपिपासू, ही दोघे एकाच नावाने कशी वावरू लागली? या प्रश्नाचा शोध घेताना चित्रपटांचा जो विचार करावा लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

पाश्चात्त्य रक्तपिपासूची जी कथा आज जगभर फिरते, तिचा मूळ ग्रंथ म्हणजे आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर याची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरातला एक सरदार, मरूनही न मेलेला, समुद्रमार्गे इंग्लंडात येतो आणि निजलेल्यांचे रक्त शोषतो, हा तिचा गाभा. जर्मन दिग्दर्शक मुर्नाव याने १९२२ मध्ये तिच्यावर 'नोस्फेरातू' हा मूकपट काढला. परवानगी घेतली नव्हती म्हणून स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला. सर्व प्रती नष्ट कराव्यात असा निवाडा झाला. तरी काही प्रती वाचल्या आणि चित्रपट अमर झाला. सूर्यप्रकाशाने हे पिशाच नाहीसे होते, ही आज पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट कादंबरीत नाही. ती या मूकपटाची देणगी. पुढे १९३१ मध्ये बेला लुगोसीने, १९५८ मध्ये क्रिस्टोफर ली याने हीच भूमिका गाजविली. १९९२ मध्ये कोपोलाने त्या सरदाराला जन्मान्तरीच्या पत्नीसाठी झुरणारा प्रेमिक केले, आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स याने 'नोस्फेरातू' पुन्हा नव्याने मांडला.

या कथेत एक नियम आहे, आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. घरातल्या कोणी तरी बोलाविल्यावाचून हे पिशाच प्रथम घरात पाऊल टाकू शकत नाही. म्हणजे ही कथा मुळात दातांची नव्हे, उंबरठ्याची आहे. जे चित्रपट हा उंबरठा विसरले ते रक्ताच्या पिचकाऱ्यांत बुडाले. ज्यांनी तो स्मरला ते टिकले. एगर्सच्या चित्रपटाचे बळ यातच आहे. त्यातील नायिका बालपणीच्या एकाकीपणात कोणा तरी सोबत्याला हाक मारते, आणि त्या हाकेला जे येते ते हे भयंकर प्रेत असते. दार बाहेरून फुटत नाही, आतून उघडले जाते. शेवटी तीच नायिका त्याला पहाटेपर्यंत आपल्यापाशी खिळवून ठेवते, आणि कोंबडा आरवताच दोघांचाही अंत होतो.

परंतु या कथेला शेवट दोनच आहेत. एक तर त्या पिशाचाच्या छातीत खुंटी ठोकावयाची. नाही तर त्याच्या प्रेमात पडावयाचे. एगर्सने दोन्ही शेवट एकत्र आणले, पण तिसरा त्यालाही सापडला नाही. तो सापडावा असेही नाही. कारण ज्या श्रद्धेच्या जगातून ही कथा उगवली, तेथे अशा जीवाला बसावयास जागाच नाही. तो ईश्वराचा शत्रू; त्याचा नाश तरी व्हावा किंवा उद्धार तरी. आपल्या श्रद्धेशी तो चित्रपट प्रामाणिक आहे, म्हणूनच परका असूनही आमच्या मनाला भिडतो.

आता आमच्या वेताळाकडे वळू. वेताळाच्या गोष्टींचे जुने रूप सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त आहे. तेथला राजा त्रिविक्रमसेन हा उज्जयिनीचा नसून गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे; उज्जयिनीचा विक्रमादित्य लोकपरंपरेने पुढे त्याच्या जागी बसविला. शिंशपा वृक्षावर लोंबणाऱ्या प्रेतात वेताळ शिरलेला. राजाने ते खांद्यावरून स्मशानात बसलेल्या भिक्षूकडे न्यावयाचे. वाटेत वेताळ गोष्ट सांगणार आणि न्यायाचा प्रश्न घालणार. शेवटी वेताळच राजाला सावध करतो की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. या कथेत रक्ताची तहान कोणाला आहे? प्रेतातल्या वेताळाला नव्हे, तर जिवंत भिक्षूला. वेताळ प्रश्न विचारतो, राजाची बुद्धी पारखतो, आणि अखेर त्याचे प्राण राखतो.

मग या वेताळाला सुळे आले कोठून? येथे एका नावाचा उल्लेख करणे भाग आहे. मुंबईच्या फौजेत नोकरी केलेला, मराठीही शिकलेला इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळाच्या गोष्टींचे इंग्रजी रूपान्तर प्रसिद्ध केले, आणि वेताळाला त्याने 'व्हॅम्पायर' हा शब्द योजिला. तोच बर्टन पुढे स्टोकरला भेटला. त्याच्या बोलताना दिसणाऱ्या सुळ्याचे वर्णन स्टोकरने १९०६ साली छापलेल्या आठवणींत आवर्जून केले आहे. यावरून ड्रॅक्युला हा वेताळाचाच वंशज, असे कोणी म्हणू लागले तर ते अतिशयोक्त होईल. एवढे मात्र खरे की भाषान्तराच्या एका शब्दाने आमचा प्रश्नकर्ता परक्यांच्या डोळ्यांत रक्तपिपासू ठरला, आणि दीडशे वर्षांनी तोच शब्द उलटा फिरून हिंदी पडद्यावाटे आमच्या नातवंडांपर्यंत पोचला.

शब्दाने देव बदलतो याचा दुसरा दाखला आमच्या कोंकणी वाचकांस सांगावयास नकोच. गोव्यातला देवचार हा हिंदू गावकऱ्याचा राखणदार. त्याला रोट आणि सोरो द्यावयाचा, आणि रात्री वाट चुकलेल्याला तो घरी पोचवितो असे मानावयाचे. ख्रिस्ती कोंकणीत मात्र तोच शब्द सैतानाचा वाचक झाला. शब्द एक, गाव एक. पण वेशीच्या एका अंगाला तो रक्षक आणि दुसऱ्या अंगाला शत्रू.

गावचा वेताळ कसा आहे? गोव्यात आमोण्याचा वेताळ, लोलयेंची भव्य पाषाणमूर्ती, पैंगीणचा वेताळ. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा. त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची फेरी करतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. त्याच्या स्थानी रक्त अगदीच अपरिचित आहे, असे म्हणून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. ग्रामदैवतांना पशूंचे बळी दिले जात, हे सर्वांस ठाऊक आहे. पैंगीणला दर तीन वर्षांनी भरणाऱ्या गड्यांच्या जत्रेत गडे पाठीत आकडे टोचून घेऊन फिरविले जातात. पण तेथे माणूस नवसाने, व्रत पाळून, सर्व गावासमक्ष आपला देह पुढे करतो. ड्रॅक्युला निजलेल्याचे चोरून घेतो. दिलेले आणि चोरलेले यांत जे अंतर आहे, तेच देव आणि पिशाच यांत आहे.

किंबहुना आमच्या पूर्वजांची रीत अशी दिसते की, वेशीवर भय आहे हे त्यांनी नाकारले नाही. त्या भयाला त्यांनी मारलेही नाही. त्याला थान दिले, मान दिला, वर्षाचा नारळ ठरविला, आणि सांगितले, "आता तूच आमची राखण कर." खुंटी नाही, चुंबन नाही, नेमणूक. पाश्चात्त्य कथेला न सापडलेला तिसरा शेवट हाच.

या कसोटीवर आपले चित्रपट तपासू. रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' (१९९०) हा ड्रॅक्युलाचा उघड देशी अवतार. अपत्यहीन ठाकुराईन काळ्या पहाडीवरच्या नेवल्याकडे जाते. मुलगा झाला तर तो तिचा, मुलगी झाली तर त्याची, असा करार होतो. चित्रपट भडक आहे, पण त्याने उंबरठ्याच्या नियमाचे अस्सल देशी रूपान्तर केले: नवस. चुकीच्या दारी बोललेला नवस पुढल्या पिढीकडून फेडून घेतला जातो, हे देवळात वाढलेल्या प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. शेवट मात्र परक्याच साच्यातला, संहाराचा.

'स्त्री' (२०१८) त्याहून पुढे गेला. अमर कौशिक यांचा हा चित्रपट चंदेरीत आणि भोपाळ परिसरात चित्रित झालेला. त्यामुळे अरेरा कॉलनीतल्या मंडळींना तो घरचाच वाटतो. रात्री पुरुषांना पळवून नेणाऱ्या त्या छायेला 'उद्या ये' अशी भिंतीवर अक्षरे लिहून गाव दारातून परत लावतो, आणि ती मुकाट्याने परत जाते. अखेरीस मात्र गाव तिला मान देतो, तिची मूर्ती उभारतो, आणि त्याच भिंतींवर रक्षणाची प्रार्थना लिहितो. ही वेताळाचीच रीत! आणि २०२४ च्या दुसऱ्या भागात ती निघून गेल्यावर गावात सरकटा शिरतो. राखणदार गेला की वेस उघडी पडते, हे आमच्या आजीच्या गाऱ्हाण्यातले तत्त्व या विनोदी चित्रपटाने, बहुधा नकळत, बरोबर पकडले.

म्हणूनच 'थामा'कडून आमची अपेक्षा मोठी होती. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी. 'मुंज्या' (२०२४) मध्ये त्यांनी कोकणच्या मातीतले भय मोठ्या गोडीने मांडले होते. 'थामा'त बेताळांची एक जमात अरण्यात राहते. फाळणीचा रक्तपात पाहून तिने मनुष्यरक्त वर्ज्य केले आहे, आणि तो नियम न मानणारा यक्षासन गुहेत कोंडलेला आहे. ही कल्पना थोर आहे. माणसांनी माणसांचे जे केले ते पाहून पिशाचालाही शिसारी यावी, आणि रक्ताची तहान कोणाला हा जुना प्रश्न पुन्हा जिवंत माणसावर उलटावा, यापेक्षा वेताळाला शोभणारे दुसरे काय? पण चित्रपट त्या प्रश्नापाशी थांबत नाही. वार्ताहर आलोक आणि बेताळकन्या ताडका यांची प्रीती, मरणाऱ्या नायकाला चावून बेताळ करणे, मग मारामारी आणि याच मालिकेतल्या अन्य पात्रांची हजेरी, अशा वाटेने तो कोपोलाच्या प्रेमिकापाशी जाऊन पोचतो. नाव वेताळाचे, सुळे ड्रॅक्युलाचे. या बेताळाला गाव नाही, वेस नाही, त्याला कोणी काही देत नाही आणि तो कोणाला काही विचारीत नाही. आमची तक्रार देवाचा अपमान झाला अशी नाही. वेताळ इतका कोवळा नव्हे. तक्रार एवढीच की हाती आलेला उत्तम विषय कलावंताने अर्ध्यावर टाकला.

तथापि सारा दोष चित्रपटाच्या माथी मारून आपण मोकळे होणे उचित नव्हे. त्या मुलाला आजीचे उत्तर अपुरे का वाटले? कारण ते एक वाक्य होते, आणि पडद्याकडे अडीच तास होते. आपण त्याला तसबीर दिली, आरती दिली; वहाणा का झिजतात ते सांगितले नाही. वेतोबाला आपण इतका सोज्ज्वळ केला की त्याच्यातले भय गेले, आणि भय गेले तेव्हा राखणीचा अर्थही गेला; कारण ज्याला चोर भीत नाहीत तो पहारेकरी कसला? आपण रिकामी ठेवलेली ती भयाची जागा परक्या सुळ्यांनी भरून काढली. दार याही वेळी आतूनच उघडले गेले.

त्या संध्याकाळी आम्ही मुलाला पैठणच्या राजाची गोष्ट सांगितली. भिक्षू, शिंशपा, प्रेत, सारे काही न गाळता. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे वेताळाने राजाला वाचवले?" आम्ही हो म्हटले. थोडा वेळ तसबिरीकडे पाहून त्याने आजीला विचारले, "आपण गावी गेलो की त्याला किती मोठ्या वहाणा न्यायच्या?" आजीने दोन्ही हात पसरून माप दाखविले.